डिटेक्टिव्हला पैसे देण्याआधी

(आपल्या रेडिओ केंद्रावरच्या बुधवारच्या कार्यक्रमात गटाच्या बायांनी केलेलं हे बोलणं. बऱ्याच जणींनी मागितलं म्हणून इथे छापत आहोत.)

जेवणं झाली असतील, भांडी पडली असतील तर पडू द्या थोडा वेळ. आज आम्ही तिघी इथे बसलोय. एकीनं बोलायचं आणि दोघींनी आठवण करून द्यायची असं ठरलंय, पण ते कितपत टिकतं बघू.

आजचा विषय ऐकून काहीजणी हसतील. खासगी गुप्तहेर, म्हणजे डिटेक्टिव्ह. टीव्हीच्या मालिकेत असतो तो, टोपी घालून भिंतीआड उभा राहणारा. आम्हालाही हसूच यायचं. पण गेल्या दिवाळीनंतर आमच्याच गटातल्या एका ताईनं असा माणूस नेमला आणि चाळीस हजार रुपये घालवले. आम्हाला ते कळलं कसं? तर तिचा हप्ता चुकला. जिचा हप्ता सात वर्षांत एकदाही चुकला नव्हता, तिचा चुकला. बैठकीत विचारलं तर नुसती खाली मान. घरी गेलो तेव्हा चुलीपुढे बसून तिनं सगळं सांगितलं. तिचं नाव आम्ही घेणार नाही. हे सगळं रेडिओवर सांगा, असं मात्र तिनंच सांगितलंय.

झालं होतं असं. तिच्या मुलीला स्थळ आलं. मुलगा चाकणला कंपनीत, पर्मनंट, पगार चांगला, पिंपरीत दोन खोल्या घेतल्यात, असं मध्यस्थानं सांगितलं. पाहणं झालं, पसंती झाली. आणि मग कुणीतरी लग्नाच्या पंगतीत कानाला लागलं, की या मुलाचं आधी एक लग्न झालंय म्हणे. आता आईचं काळीज. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणणार, लोक जळतात. भावाला सांगावं तर गावभर होणार. ताईनं रात्री मोबाईलवर शोधलं. लगेच जाहिराती यायला लागल्या: लग्नाआधीची चौकशी, शंभर टक्के गुप्त, पुरावा हातात. फोन लावला. समोरचा माणूस फार गोड बोलला. "ताई, तुम्ही माझ्या बहिणीसारख्या," म्हणाला.

आधी पंचवीस हजार मागितले. ते ताईनं गटातून काढले, कारण लिहिलं शेळ्या. मग आठ दिवसांनी, मुलावर पाळत ठेवायला गाडी लागते म्हणून आणखी पंधरा. त्यासाठी कानातली पतसंस्थेत गहाण ठेवली. मग अहवाल आला. दोन पानं. त्यात मुलाचं नाव, शिक्षण, उंची, कंपनीचं नाव, म्हणजे जे बायोडाटात होतं तेच. आणि एक फोटो, तोही मुलाच्या फेसबुकवरचा. ताई म्हणाली, लग्नाचं काय? तर म्हणाला, त्यासाठी मुलाच्या मोबाईलचे सहा महिन्यांचे कॉल काढावे लागतील, कंपनीत आपला माणूस आहे, वीस हजार द्या. ताईनं नाही म्हटलं. तेव्हा तो बहिणीसारखा बोलणारा माणूस म्हणाला, मग मी मुलाच्या घरी फोन करून सांगतो, तुम्ही त्याच्यामागे माणूस लावला होता. तुमच्या मुलीचं आधार कार्ड, फोटो सगळं माझ्याकडे आहे.

ते सगळं ताईनंच त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं होतं. त्यानं मागितलं म्हणून.

पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी आम्हाला जे समजलं ते सांगू द्या. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. तिथे आम्ही दोनदा जाऊन बसलो, वकीलबाईंना विचारलं, काही त्यांनी दाखवलेलं वाचलं.

पहिली गोष्ट. आम्ही वकीलबाईंना विचारलं, या माणसाचं लायसन कुठे तपासायचं? त्या म्हणाल्या, लायसनच नसतं. आम्हाला खरं वाटेना. दारूच्या दुकानाला परवाना, पिठाच्या गिरणीला परवाना, आणि लोकांच्या मागे फिरणाऱ्याला नाही? पण तसंच आहे. आपल्या देशात सिक्युरिटी गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीसाठी २००५ चा कायदा आहे, त्यांना राज्य सरकारचा परवाना लागतो. गुप्तहेरांसाठी तसा कायदा नाही. २००७ साली राज्यसभेत एक विधेयक आलं होतं, खासगी गुप्तहेर संस्थांवर नियंत्रण ठेवण्याचं. त्याचा कायदा कधी झालाच नाही. त्यामुळे आज कुणीही उठावं, कार्ड छापावं आणि डिटेक्टिव्ह व्हावं.

म्हणून कुणी "सरकारमान्य गुप्तहेर" असं लिहिलं असेल, तर पहिल्याच ओळीत खोटं बोललाय असं समजा. काहींकडे गार्डच्या एजन्सीचा परवाना असतो, तोच दाखवतात. काहींकडे दुकानाची नोंदणी असते, जीएसटी नंबर असतो. ते धंद्याचे कागद झाले, हेरगिरीचा परवाना नव्हे. तरी हे कागद बघावेत, कारण निदान पत्ता खरा आहे का ते कळतं. जीएसटी नंबर सरकारी साइटवर टाकला की कुणाच्या नावावर, कुठल्या पत्त्यावर आहे ते फुकट दिसतं. आणि ओळखपत्रावर अशोकस्तंभाचे सिंह छापलेले असतील तर तिथूनच परत फिरा. खासगी माणसाला ते चिन्ह वापरायची परवानगी नाही. पोलीस असल्याचं भासवणं हा तर गुन्हाच.

सगळेच गुप्तहेर लबाड असतात असं नाही आमचं म्हणणं. नीट काम करणारे आहेत, शहरात वकीलही त्यांच्याकडून काम करून घेतात, बायकाही या धंद्यात आहेत. पण नीट कोण आणि लबाड कोण हे सांगणारा सरकारी शिक्का नाही. ते आपल्यालाच ओळखावं लागतं.

आता तो माणूस करू काय शकतो? वकीलबाईंनी एका वाक्यात सांगितलं: जे तुम्ही-आम्ही कायद्यानं करू शकतो तेवढंच. त्याला पोलिसांचा एकही अधिकार नाही. रस्त्यावर उभं राहून कोण कुठे जातं ते बघणं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारणं, सरकारी कचेरीतली उघडी कागदपत्रं काढणं, कोर्टाच्या साइटवर केस शोधणं. बस. त्याचं कसब एवढंच, की त्याला वेळ आहे आणि कुठे विचारायचं ते माहीत आहे.

आणि काय करू शकत नाही? हे नीट ऐका, कारण जाहिरातीत नेमकं तेच विकलं जातं. कुणाच्या मोबाईलचे कॉल रेकॉर्ड काढणं. कुणाच्या बँक खात्यात डोकावणं. नवऱ्याच्या किंवा होणाऱ्या जावयाच्या फोनमध्ये चोरून ॲप टाकणं. त्याचा पासवर्ड फोडणं. घरात, लॉजच्या खोलीत कॅमेरा लावणं. यातलं एकही कायद्यात बसत नाही. कॉल रेकॉर्ड मागवायचा अधिकार तपास करणाऱ्या यंत्रणांना असतो, तोही वरिष्ठ अधिकाऱ्याच्या सहीनं. २०१८ साली ठाणे पोलिसांनी असे कॉल रेकॉर्ड बेकायदा मिळवून विकल्याच्या प्रकरणात अनेक खासगी गुप्तहेरांना अटक केली होती, पेपरात आलं होतं. दुसऱ्याच्या फोनमध्ये, कॉम्प्युटरमध्ये परवानगीशिवाय शिरलं तर आयटी कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

आणि ज्यानं केलं तोच अडकतो असं नाही. ज्यानं पैसे देऊन करवून घेतलं त्यालाही पोलीस विचारतात. म्हणजे आमच्या ताईनं ते वीस हजार दिले असते, तर फसवली गेलेली बाई गुन्ह्यात सामील झाली असती. शिवाय बेकायदा कामासाठी दिलेले पैसे परत मिळवायला कोर्ट मदत करत नाही. हे त्या लोकांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर ते तसली कामं पुढे करतात. एकदा का आपण हो म्हटलं, की आपलं तोंड बंद.

इथे आमच्यातली एक म्हणतेय, ते कोर्टानं रेकॉर्डिंग चालतं म्हटलंय ना? हो. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं, की नवरा-बायकोच्या घटस्फोटाच्या वगैरे खटल्यात एकानं दुसऱ्याचं गुपचूप केलेलं फोनचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून बघता येईल. पण ते त्या दोघांच्या आपसातल्या बोलण्याबद्दल आहे. तिसऱ्या माणसाला पैसे देऊन कुणाचाही फोन फोडायची परवानगी त्यातून मिळत नाही.

आता आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते. माणूस नेमायच्या आधी एका कागदावर लिहायचं, की मला नेमकं काय जाणून घ्यायचंय, आणि ते कळल्यावर मी काय करणार आहे. लिहिता येत नसेल तर मुलीकडून, नातीकडून लिहून घ्या. हे लिहायला बसलं की निम्म्या वेळा लक्षात येतं, ही माहिती तर फुकट मिळते. किंवा कळून तरी काय करणार, मी काही घर सोडणार नाही, मग चाळीस हजार कशाला?

मुलाच्या घरी जमीन आहे म्हणतात? सातबारा आणि आठ-अ महाभूमीच्या साइटवर दिसतो, सहीची डिजिटल प्रत पंधरा रुपयांत निघते. फेरफार वाचायला येत असेल तर आणखी कळतं, बोजा आहे का, वाटणीचा वाद आहे का. गावातलं घर कुणाच्या नावावर आहे ते ग्रामपंचायतीच्या नमुना आठला असतं. शहरात फ्लॅट घेतला म्हणतात, तर नोंदणी खात्याच्या साइटवर सूची दोन शोधता येते. पगार? पगाराची स्लिप मागायची. लाजायचं काय त्यात? ते आपल्याला हुंड्याचं नाव न घेता पंगतीचं, गाडीचं, अंगठीचं विचारतातच ना. आणि स्लिपवर कंपनीचं नाव आहे की ठेकेदाराचं, ते बघा. पुढे ताईच्या बाबतीत नेमकं तेच निघालं.

आधीचं लग्न? खेडेगावात लग्नाची नोंदणी ग्रामसेवकाकडे होते, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. शहरात नगरपालिकेत, महापालिकेत. नोंदणी झाली असेल तर तिथे चौकशी करता येते. झाली नसेल तर नोंद सापडणार नाही, म्हणून तेवढ्यावर विसंबू नका. घटस्फोटाची, पोटगीची केस चालू असेल तर ई-कोर्टच्या साइटवर जिल्हा निवडून पक्षकाराच्या नावानं शोधता येतं. आमच्या गटातल्या बारावीच्या पोरीनं दहा मिनिटांत शोधून दाखवलं. नावाच्या स्पेलिंगची गंमत होते, त्यामुळे दोन-तीन तऱ्हेनं टाकून बघावं लागतं. काही केसेसमध्ये नावं झाकलेली असतात. म्हणजे सापडलं तर खरं, नाही सापडलं तर शंभर टक्के नाहीच असं नव्हे.

बाकी राहिली माणसं. बायांनो, सोयरिकीची चौकशी आपल्याला नवीन आहे का? आपल्या आज्या करत होत्या. बांगड्या भरणाऱ्या कासारणीला दहा गावांच्या घरांचं आतलं-बाहेरचं ठाऊक असायचं. कुठली सासू सुनेला भाकरी मोजून देते ते ती हातात बांगडी चढवताना सांगायची. आता कासारीण फार फिरत नाही. पण आपले गट आहेत की, गावोगावी.

दुसऱ्या तऱ्हेचा प्रश्न असतो तो टाकून दिलेल्या बायकांचा. आमच्याकडे फोन येतात, नवरा मुंबईला आहे, कमावतो, पण कोर्टात म्हणतो बेकार आहे, माणूस लावून त्याची कमाई शोधून काढू का? नका लावू. पोटगीचा अर्ज केला की दोघांनाही आपली मालमत्ता, कमाई, कर्ज सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं. सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर २०२० ला रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात हे देशभरासाठी ठरवून दिलंय. पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची, हेही त्याच निकालात आहे. नवऱ्यानं शपथेवर खोटं लिहिलं तर त्याच्यावर कारवाई होऊ शकते. आणि आपल्या वकिलाला कोर्टामार्फत त्याच्या बँकेचे, कंपनीचे कागद मागवता येतात. जे कागद गुप्तहेर चोरून आणणार म्हणतो, तेच कोर्ट सरळ दारानं आणतं. वकील परवडत नाही म्हणाल, तर बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात बाईसाठी उत्पन्नाची अट नाही. तुमचा नवरा बागायतदार असला तरी मिळतो. फोन नंबर १५१००, तोही लिहून घ्या. तालुक्याच्या कोर्टात जाऊन विधी सेवा समिती कुठे आहे विचारलं तरी चालेल.

नवऱ्यानं दुसरी बाई ठेवली, त्याचा पुरावा पाहिजे म्हणून माणूस नेमणाऱ्याही असतात. त्यांना एवढंच सांगतो. परस्त्रीशी संबंध हा आता फौजदारी गुन्हा राहिलेला नाही, २०१८ साली सुप्रीम कोर्टानं ते कलम रद्द केलं. घटस्फोटाला ते कारण म्हणून अजून चालतं. दुसरं लग्न केलं असेल तर तो मात्र गुन्हा आहे. पण मारहाण होत असेल, घराबाहेर काढलं असेल, खर्चाला देत नसेल, तर त्या बाईचे फोटो मिळण्याची वाट बघू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जा, त्याला फी नाही, फोटोही लागत नाहीत. १८१ ला फोन केला तरी वाट दाखवतात.

आणि कुणी हरवलं असेल, पोरगी घरून गेली असेल, तर गुप्तहेर नंतर, पोलीस आधी. चोवीस तास थांबा असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, तसा नियम नाही. अठरा वर्षांखालचं लेकरू हरवलं तर गुन्हा नोंदवूनच घ्यावा लागतो, २०१३ चा सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे. आपली हद्द नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

बरं, एवढं सगळं करूनही एखादीला वाटेल, नाही, माणूस नेमायलाच हवा. परदेशातलं स्थळ असतं, लांबच्या शहरात कुणी ओळखीचं नसतं. तर मग कसं नेमायचं?

एकटीनं नेमू नका. होता होईल तो वकिलामार्फत नेमा. वकिलाला ठाऊक असतं कुठला पुरावा कोर्टात टिकतो. फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर व्यवहार करू नका. ऑफिसात जा, बरोबर कुणाला तरी घेऊन जा. ऑफिस नाही, हॉटेलात भेटू म्हणाला तर चहा पिऊन परत या. काम कागदावर लिहून घ्या: काय शोधायचं, किती दिवसांत, एकूण किती पैसे, प्रवासखर्च धरून की वेगळा. जास्तीचा खर्च आधी विचारल्याशिवाय करणार नाही, हे वाक्य त्यात हवंच. पैसे तेच उडवतात. आणि सगळं काम कायद्यात बसेल असंच करू, हेही लिहून घ्या. जो हे लिहून द्यायला का-कू करतो त्याचं कळलंच.

सगळे पैसे आगाऊ देऊ नका. थोडे आधी, थोडे मधे, थोडे अहवाल हातात आल्यावर. प्रत्येक वेळी पावती. ताईनं पंचवीस हजार फोनवरून पाठवले त्याची नोंद आहे. पंधरा हजार बस स्टँडवर रोख दिले, त्याचा काहीच मागमूस नाही.

हमी देणाऱ्यापासून सावध. शंभर टक्के पुरावा काढून देतो म्हणणारा, पुरावा नसेल तर तो तयारही करेल. मुलगा सरळ असेल तर त्याला वाकडा दाखवावा लागेल, नाहीतर पैसे कसे मागणार? नीट माणूस म्हणतो, मी आठ दिवस बघेन, जे दिसेल ते लिहीन, काही नाही दिसलं तर तेही लिहीन.

विचारून घ्या, की गरज पडली तर तू कोर्टात साक्ष द्यायला येशील का? बरेच जण तिथेच ढेपाळतात. फोटो, व्हिडिओ कोर्टात द्यायचा तर नव्या साक्ष कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे एक प्रमाणपत्र जोडावं लागतं: कुठल्या यंत्रावर काढला, कसा जपला. ते देईल का, हेही आधीच विचारा. नाहीतर पेन ड्राइव्ह घेऊन कोर्टाच्या पायऱ्या झिजवाल.

आणि आपल्या मुलीचं आधार, पॅन, बँकेचं पासबुक, फोटो, यातलं काही त्याला देऊ नका. चौकशी मुलाची करायची आहे, आपल्या मुलीचे कागद त्याला कशाला? हे ताईला आम्ही विचारलं तेव्हा ती म्हणाली, "फॉर्ममध्ये होतं." आपल्याला फॉर्म दिसला की भरायची सवय लागलीय, योजनांमुळे.

एक गोष्ट उलटीकडून. माणूस आपल्या मागेही लावला जातो. नवरे लावतात, सासरचे लावतात, कधी मोडलेल्या स्थळवाला लावतो. बाई नको म्हणत असताना तिचा पाठलाग करत राहणं, तिच्या मोबाईलवर, इंटरनेटवर पाळत ठेवणं हा न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. सरकारनं गुन्हे रोखायचं, शोधायचं काम सोपवलेल्यांना त्यातून सूट आहे. "मी डिटेक्टिव्ह आहे, पैसे घेतलेत" ही सूट नव्हे. तोच माणूस चार दिवस आपल्या रस्त्यावर दिसला तर गाडीचा नंबर लिहा आणि ११२ ला फोन करा. आणि हेच कलम मुलाच्या घरातल्या बहिणीच्या, वहिनीच्या मागे आपण माणूस लावला तर आपल्या माणसावरही लागू होतं, हे विसरू नका.

आता ताईचं पुढे काय झालं ते.

धमकी आली तेव्हा ती पुरती घाबरली होती, आणखी वीस हजार कुठून आणू या विचारात होती. आम्ही म्हटलं, एक रुपया द्यायचा नाही. धमकी देऊन पैसे मागणं म्हणजे खंडणी, तो वेगळा गुन्हा. त्याचे मेसेज पुसले नाहीत, स्क्रीनशॉट काढले, आम्ही चौघी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो, अर्ज दिला, पोच घेतली. १९३० या सायबरच्या नंबरवरही तक्रार केली. पण तिथल्या बाईंनी सांगितलं, पैसे पाठवल्या पाठवल्या फोन केला असता तर ते खात्यात अडवता आले असते. आम्हाला दोन महिने उशीर झाला होता. ग्राहक आयोगात जावं म्हटलं. तिथे पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, आपल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण नोटीस पाठवायची कुठे? कागदावर छापलेल्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान निघालं. त्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. पैसे आले नाहीत. मुलाकडेही त्यानं फोन केला नाही, तेवढं एक बरं.

मुलाची चौकशी मग आम्हीच केली. चाकणच्या भागात मेस चालवणारा एक बायकांचा गट आहे, त्यातली एक आमच्या गटातल्या बाईची नणंद. तिला फोन केला, पत्ता सांगितला. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मुलगा खोलीवर चौघांत राहतो, पिंपरीत दोन खोल्या वगैरे काही नाही. कंपनीत आहे, पण ठेकेदाराकडून, काही महिने झाले की ब्रेक देतात, परत घेतात. दारू नाही. लग्न त्याचं झालेलं नाही, त्याच नावाच्या त्याच्या चुलतभावाचं मोडलंय. डबा वेळेवर धुऊन देतो, हेही तिनं सांगितलं. तिच्या लेखी ते मोठं प्रमाणपत्र. या सगळ्याला आमचा खर्च झाला फोनचा आणि कुणीतरी एकदा पाठवलेल्या दोन किलो ज्वारीचा.

मग ताईनं मुलीला सगळं सांगितलं. तोवर मुलीला कुणी काही विचारलंच नव्हतं, बरं का. आईला वाटलं पोर घाबरेल. पोर चिडली. म्हणाली, चाळीस हजारांत माझं नर्सिंगचं एक वर्ष झालं असतं. तिनं स्वतः त्या मुलाला फोन लावला, स्पीकरवर, आईसमोर, आणि विचारलं, तुम्ही पर्मनंट आहात का? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, नाही, ते मामांनी सांगितलं, मी अडवायला पाहिजे होतं. पुढच्या रविवारी तो एकटा आला, पगाराची स्लिप घेऊन. ठेकेदाराच्या नावाची.

लग्न ठरलंय की मोडलंय, असं आम्हाला सगळे विचारतात. अजून दोन्ही नाही. मुलगी म्हणते, माझं शिक्षण होऊ दे, तोवर त्यालाही कायमचं काम लागतं का बघू. मध्यस्थ रागावलाय. ताईचा नवरा आमच्याशी बोलत नाही, गटानं घरात नाक खुपसलं म्हणतो. ताई दर महिन्याच्या दहा तारखेला हप्ता घेऊन येते. वीसपैकी नऊ झाले, अकरा राहिलेत. कानातली अजून पतसंस्थेत आहेत.

गटाच्या वहीत कर्जाच्या कारणापुढे शेळ्या लिहिलं होतं, ते आम्ही तिच्याच सांगण्यावरून खोडलं आणि खरं कारण लिहिलं. सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

पुढच्या बुधवारी सूची दोन आणि ई-कोर्ट मोबाईलवर कसं शोधायचं ते बारावीची ती पोर सांगणार आहे. चार्जिंग करून, कागद-पेन घेऊन बसा.